पाणी नको, सुरज

मी चाफा. पांढरा, आतून पिवळा. बेंगळुरूत, पीण्याच्या कारखान्यांच्या वस्तीत, गंगव्वाच्या गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या बादलीत वाढलो. आज बादलीबाहेर पडलोय. ते कसं झालं, ऐका.

मला निपाणीहून शिवलीलानं आणलं, हातभर फांदी, एसटीत मांडीवर धरून. ती आणि तिचा धाकटा भाऊ सुरज खालच्या खोलीत राहायचे, दोघं कारखान्यात.

"नुसता खुंट पाळतीस की अक्का!" तो हसायचा.

"तुला पाळतेच की. त्यात आणि एक."

दर थंडीत माझी पानं गळतात. मग ती पाणी तोडायची आणि मला निजू द्यायची. सुरजला हे माहीत नव्हतं. तो गच्चीवर कधी यायचाच नाही.

यंदा कार्तिकात तिला ताप भरला. "आजची पाळी करून येतो, मग दवाखान्यात जाऊ," म्हणून सुरज कामावर गेला. संध्याकाळी आला तेव्हा तिची शुद्ध गेली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पंधरवड्यानं तो वर आला, दोरीवर राहिलेली तिची साडी काढायला. तेव्हाच माझी पानं झडत होती. त्याचा चेहरा पडला.

"तू पण?"

तो खाली पळाला आणि भरली घागर घेऊन आला. त्या दिवसापासून सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. जेवणाच्या सुट्टीतही धापा टाकत यायचा. शेण घातलं, खत घातलं. मला ओरडता आलं असतं तर! माझं बूड मऊ पडलं, वास यायला लागला.

घरमालकीण गंगव्वानं त्याला हटकलं. "तम्मा, पानंच नाहीत तर पाणी पिणार कोण? स्वल्प थांब की!"

"थांबलो होतो की अव्वा! एकदा थांबलो, तेवढं पुरे!"

तिनं त्याचं बोट धरून माझ्या बुंध्यावर दाबलं. पिकल्या केळ्यात शिरावं तसं ते आत गेलं.

सुरजनं बोट बाहेर काढून बघितलं. "हे मीच केलं?"

"हूं. तूच. पण वर घट्ट आहे अजून. काप."

त्यानं करवतीनं कापलं. आत काळं. परत कापलं, तरी काळं. तिसऱ्यांदा पांढरं लागलं आणि चीक वाहिला. लगेच मला नव्या मातीत खोचायला निघाला, तर गंगव्वानं मनगट धरलं. "जखम वाळू दे आधी. आठ दिवस माती नाही, पाणी नाही."

आज पाचवा दिवस. टाकीच्या सावलीत पोत्यावर पडलोय. तो येतो, मला उलटंपालटं करून बघतो, येरझाऱ्या घालतो. "आज, अव्वा?" "नाही रे."

मुळं फुटतील की नाही, मलाही ठाऊक नाही. सुरज, त्या दिवशी तू थांबायला नको होतंस. मी खोटं सांगणार नाही. पण आज थांबायचंच आहे. ये, बस इथं.