रंगदात्याची तपकिरी बाटली

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, जुन्या गोदामासमोरच्या पटांगणात खुर्चीवर बसलेल्या अकरा वर्षांच्या ठमीचा डावा हात रंग बदलू लागला. आधी मनगटाशी चहाच्या डागासारखी झाक आली, मग ती कोपरापर्यंत चढली. साडेबाराला हात गव्हाळ झाला, पाऊण वाजता तपकिरी. उजवा होता तसाच राहिला, कागदासारखा पांढरा.

कुणीतरी ओरडलं, "आला गं बाई, रंग आला!" आणि चारेकशे माणसं एकदम बोलू लागली. मुलीची आई तोंडावर हात दाबून रडत होती.

मुलीची आत्या आरशांच्या कारखान्यातून धावतपळत आली होती. तिनं हाताकडे नंतर पाहिलं. आधी तिला दिसली ठमीची मान. लालभडक झाली होती.

"किती वेळ उन्हात बसवलीय हिला?"

"दहापासून," शेजारचा म्हातारा म्हणाला. "बाराला हाताला बाटलीतलं पाणी लावलं. बोलू नका, प्रयोग चाललाय."

ठमीला जन्मापासून अल्बिनिझम होता. तिच्या अंगात रंगद्रव्य जवळजवळ तयारच होत नव्हतं. म्हणून केस पिवळट पांढरे, कातडी पांढरी, नजर अधू, आणि ऊन तर वैरीच. ती दोन वर्षांची असताना डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे नीट समजावून सांगितलं होतं. पण गल्लीचं निदान वेगळं होतं. कुणी शाप म्हणे, कुणी संसर्ग म्हणे, आणि काहीजण काही न म्हणता आईकडे बघून एकमेकांना डोळा मारत. त्या डोळा मारण्यानंच ठमीची आई, म्हणजे आत्याची वहिनी, खचली होती.

स्वतःला रंगदाता म्हणवणारा बाबा माइक घेऊन खुर्चीभोवती फिरत होता. अंगात पांढरे कपडे, हातांत रबरी मोजे. "माझा स्पर्श साध्या माणसाला सोसत नाही," असं त्याचं स्पष्टीकरण होतं. काळ्या फडक्यात गुंडाळलेली तपकिरी बाटली त्यानं उंचावली. "रंग म्हणजे काय? रंग म्हणजे स्पंदन! या लेकराची स्पंदनं उलटी फिरत होती, मी ती सुलटी केली. विज्ञानही हेच सांगतं. फक्त विज्ञानाला ते अजून कळलेलं नाही!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्याची नजर आत्याच्या बोटांवर गेली आणि तो क्षणभर थबकला.

"तू कोण?"

"तिची आत्या."

"हात वर कर, बाई. सगळ्यांना दिसू देत." तिची बोटं टोकांपासून पेरांपर्यंत काळपट होती. "पाहिलंत? मुलीचा रंग गेला कुठे म्हणून अकरा वर्षं शोधताय ना? हा इथे साठलाय!"

लोक दोन पावलं मागे सरले. वहिनीही वळून बघू लागली. कारखान्यात या डागांना सगळे "शिक्का" म्हणत आणि त्यावरून हसत. मग तिला रंगदात्याच्या अंगठ्यावर फाटलेला मोजा दिसला. आतल्या नखाची कड काळी होती.

शिक्काच. त्यानं तिची बोटं ओळखली होती, म्हणून तो आधी बोलला होता.

"उद्या बारा वाजता डोळे!" रंगदाता गर्जला. "दोन-दोन थेंब. चष्मा कचऱ्यात टाकाल!"

संध्याकाळी साडेसहाला, तिचा भाऊ, ठमीचा बाप, बस चालवण्याची ड्यूटी संपवून आल्या आल्या, आत्यानं विषय काढला.

"दादा, ते चांदीचं पाणी आहे. सिल्व्हर नायट्रेट. आम्ही तेच काचेवर ओततो. कातडीला लागलं तर आधी काही दिसत नाही, उजेड लागला की काळं पडतं. पंधरा दिवसांत कातडीबरोबर निघूनही जातं. म्हणूनच हा माणूस कुठे आठवड्यावर टिकत नाही. डोळ्यात घातलं तर डोळा जाईल."

"स्वतःच्या बोटांचं खापर त्यांच्यावर फोडू नका, वन्सं," वहिनी म्हणाली.

"वहिनी, मी रंग चोरला का हो तिचा?"

वहिनीनं पलंगावरच्या ठमीचा डावा हात हातात घेतला. म्हणाली, "लोक मला काय काय बोललेत ते तुम्ही ऐकलं नाहीत. आज पहिल्यांदा तिचा एक हात तिच्या बापाच्या हातासारखा दिसतोय."

दादा बुटांच्या नाड्यांशी खेळत राहिला. "उद्याचं उद्या बघू."

"मला कुणी विचारणार आहे का?" ठमी पलंगावरून ओरडली. मानेवर ओला रुमाल होता. "मला फळा दिसत नाही. बाई पहिल्या बाकावर बसवत नाहीत. त्यांना जाऊन सांगायचं सोडून मला कसलं रंगवताय?"

सकाळी सहाला दादा निघाला, तेव्हा आत्या दारात उभी होती. हातात ब्रश आणि मालकाला सांगून कारखान्यातून आणलेली छोटी बाटली.

"उजवा हात दे."

"वेड लागलंय का तुला?"

"तुझी स्पंदनं सुलटी आहेत ना? मग घाबरतोस कशाला?"

त्याला हसू आलं. त्यानं बाही वर केली. तिनं त्याच्या हातावर मोठी अक्षरं काढली, पण पाण्यानं लिहावं तसं काहीच दिसलं नाही. "वाळू दे. बाही खाली करू नकोस, आणि हात खिडकीशी ठेव," एवढंच ती म्हणाली.

अकरा चाळीसला पटांगणात कालच्या दुप्पट गर्दी होती. वहिनी ठमीला खुर्चीत बसवून तिच्या मागे उभी होती. रंगदात्यानं काचेच्या वाडग्यात बाटली ओतली. पाणी अगदी नितळ होतं. आत्या पुढे घुसली.

"पहिला थेंब तुमच्या डोळ्यात घाला."

"माझे डोळे शुद्ध आहेत."

"मग बिघडेल काय?"

मागे कुणीतरी खिदळलं. रंगदात्याचा आवाज चढला. "संशयी माणूस जवळ असला की हे पाणी कोपतं!"

"त्यापेक्षा आमच्या नळाचं बरं. ते कोपत नाही, नुसतं जातं."

या वेळी हशा मोठा होता, पण दोन स्वयंसेवकांनी आत्याचे दंड धरले. रंगदात्यानं ड्रॉपर भरला. वहिनीनं ठमीची हनुवटी वर उचलली. ठमीनं डोळे गच्च मिटून घेतले. "आई, नको ना."

"उघड, बाळा. एकदाच."

"थांब!"

दादा फाटकातून पळत येत होता. वळणावर चाळीस प्रवाशांची बस उभी होती आणि आतले लोक आरडाओरडा करत होते. त्यानं उजवा हात बायकोच्या डोळ्यांसमोर धरला. कोपरापासून मनगटापर्यंत तपकिरी अक्षरं उमटली होती : बारापूर्वी ये.

"सकाळी सहाला हात कोरा होता," तो धापा टाकत म्हणाला. "हिनं लिहिलं. एकेक स्टॉप गेला तसं उमटत आलं. आता बोल, माझा रंग कुणी चोरला होता?"

वहिनीचा हात हनुवटीवरून खाली आला. धरणाऱ्यांची पकड ढिली पडली, तशी आत्यानं खिशातलं मूठभर मीठ वाडग्यात टाकलं.

नितळ पाणी दूध नासावं तसं फाटलं आणि पांढरा साका खाली बसू लागला. तिनं वाडगा उन्हात सरकवला. सगळे वाकून बघत होते. थोड्याच वेळात वरचा पांढरा थर जांभळट करडा पडला.

"पाणी नासवलं हिनं!" रंगदाता ओरडला.

"यात चांदी आहे, म्हणून मिठानं फाटलं," आत्या गर्दीकडे वळून म्हणाली. "उजेडानं काळं पडलं तेही त्यामुळेच. बाटली तपकिरी का, फडकं काळं का, हातात मोजे का, आणि हिला उन्हात का बसवलं, याचं उत्तर हेच. माझी बोटं अशी का, याचंही."

वहिनीनं ओढणी काढून ठमीच्या डोक्यावर घातली. मग ती रंगदात्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हे याआधी कुणाच्या डोळ्यात घातलंत?"

तो गोदामाकडे सरकू लागला. त्याच्याबरोबर गावोगाव फिरणाऱ्या माइकवाल्याला मात्र राहवलं नाही. "मागच्या मुक्कामात. दोन लेकरांच्या."

त्या गोंधळात रंगदाता गोदामाच्या मागच्या दारानं निसटला. बाटली आणि माइकवाला पोलिसांच्या हाती लागले.

अल्बिनिझम घालवणारं औषध आज कुणाकडेही नाही. आहे म्हणणारा खोटं बोलतो. तो शाप नाही, त्याची लागण होत नाही, त्यात आईचा दोष नाही. आई आणि बाप दोघांकडूनही आलेल्या जनुकांतून तो बहुधा येतो. अशा मुलांना टोपी, लांब बाह्या, उन्हापासून जपणारं मलम, चष्मा आणि वर्गात पहिला बाक लागतो. हे सगळं देता येतं. चमत्कार दाखवणाऱ्याला एक प्रश्न विचारा, त्याची वस्तू आपल्या हातानं तपासून बघा. तपासू देत नसेल, तर लेकराला उचला आणि घरी या.

ठमीच्या मानेवर फोड आले असून आरोग्य केंद्रात रोज पट्टी बदलतात. मागच्या मुक्कामातला एक मुलगा बुधवारी सापडला. त्याच्या उजव्या डोळ्यावर उपचार सुरू आहेत, नजर किती राहील ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. दुसरी चार वर्षांची मुलगी आहे. माइकवाल्याला तिचं नाव आठवत नाही, फक्त तिनं पिवळे बूट घातले होते एवढं आठवतं. वहिनी दोन दिवस त्या वस्तीत दारोदार फिरते आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत मुलगी सापडलेली नव्हती.