कोणत्या हाताने जेवतात?

उखाच्या छातीतली मोठी धमनी फुग्यासारखी फुगली होती. फुटली तर खेळ संपला. नंदुरबारला महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी त्याची बायको धनुबाई आणि मुलगा ललित यांच्यासमोर टेबलावर दोन नळ्या ठेवल्या. उखा आत, स्कॅनच्या मशीनमध्ये.

पहिली नळी सरळ. जांघेतून वर नेतात, फुग्याच्या आत उघडतात. काम लवकर होतं. पण डाव्या हाताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं तोंड तिच्याखाली झाकलं जातं.

डावा हात: लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. भाजीत मीठ जास्त.

दुसऱ्या नळीला बाजूने फांदी. तिच्यातून हाताला रक्त मिळत राहतं. वेळ जास्त, मेंदूला धोकाही किंचित जास्त.

डावा हात: ललितचा पुढचा दात. आजही हसताना तो

तोंड झाकतो.

"दोन्ही चांगल्या," डॉक्टर म्हणाले. "डावखुरे असतील तर फांदीची घालू. नाहीतर सरळ बरी. कोणत्या हाताने जेवतात?"

जेवतो उजव्याने. सहीही उजव्याने. लहानपणी बापाने डाव्या तळहातावर डाग दिला होता. डावखुरा मुलगा घराण्याला कमीपणा. त्यांच्या कोरीट गावात कुणालाच ठाऊक नाही. दार लावल्यावर मात्र तो हात मोकळा सुटायचा.

"उजव्या," धनुबाई म्हणाली.

डॉक्टरांनी ललितकडे पाहिलं.

"माय सांगी ऱ्हायनी ना," ललित म्हणाला.

सुरतला सरळ नळी बसली. उखा जगला. धनुबाईला तेच हवं होतं. मेला असता तर

भोगलं कुणी असतं?

नंदुरबारला पुढच्या तपासणीला उखा म्हणाला, "डावा हात जड पडी ऱ्हायना. बादलीबी उचलाय नही."

डॉक्टरांनी त्याची बोटं दाबून पाहिली. गार. "उजवा चालतोय ना? मग राहू द्या. डावखुरे असता तर मानेतून दुसरी वाट काढून रक्त दिलं असतं. अजूनही देता येईल. आहात का डावखुरे?"

उखाने धनुबाईकडे पाहिलं. तिने जाणूनबुजून उजवा सांगितला होता, हे त्याला आत्ता कळलं. मग त्याने दाराकडे पाहिलं. दार उघडं. बाकावर कोरीटची माणसं, सगळ्यात पुढे किराणावाले धर्मचंदशेठ, आतल्या बोलण्याकडे मान वळवून बसलेले.

"नही," उखा पुटपुटला. "उजवाच."

धनुबाईने पदर सारखा केला.

"जरा जोरमा सांगा. डॉक्टरले ऐकू उनं नही."