सावली कशी हाय?

मित्रांनो, मी पाली गावच्या लिओनार्डचा जुना, रोलवर चालणारा कॅमेरा आहे. दमलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझी स्प्रिंग सैल झाली आहे आणि चामडं सोलपटलं आहे.

कोणत्याशा परदेशी कारखान्यात मी जन्मलो, पण शिकलो पालीच्या मैदानावर. फुटबॉल, रस्सीखेच, पोरांच्या शर्यती, सगळं टिपलं. खेळासाठी लिओनार्ड चारशे स्पीडचाच रोल भरायचा, कारण पळत्या माणसासाठी शटर झटपट मिटावं लागतं आणि तेवढ्यात उजेड धरायला रोलही तसाच चपळ लागतो. उजेड तो वलांडीवरून मोजायचा. बोंबील सुकवायच्या त्या बांबूंची सावली रेतीवर ठसठशीत पडली की लेन्सचं तोंड बारीक, फिकी पडली की मोठं. त्याचा अंदाज क्वचितच चुकला. तेव्हा लोक माझं कौतुक करायचे. मग फोन आले आणि मी कपाटात गेलो. तिथे बुरशीशिवाय मला कोणी विचारलं नाही.

लिओनार्डचेही डोळे गेले. आता त्याला लांबचं सगळं धूसर दिसतं, नाकाशी धरलेलं तेवढं कळतं. तो मीरा रोडला मुलीकडे, सबीनाकडे राहतो. तिची व्हॅलेरी उंच उडी मारते. नातीची उडी त्याने कधी पाहिलीच नव्हती. फोटो निघाला तरच ती त्याला दिसणार होती, आणि तो त्याला स्वतःच काढायचा होता. म्हणून मला बाहेर काढलं.

मैदानावर सबीनाने आडव्या दांडीवर माझा फोकस जुळवून दिला. लिओनार्डने विचारलं, "सावली कशी हाय?"

"मस्त आहे पप्पा. एकदम गारेगार."

बिचारी बिल्डिंगच्या सावलीबद्दल बोलत होती. ऊन तिथे नव्हतंच. त्याला वाटलं, ठसठशीत सावली पडली आहे. त्याने लेन्सचं कडं सोळावर, म्हणजे अगदी बारीक तोंडावर नेलं. मला तोंड असून बोलता येत नाही, मित्रांनो. त्या टिचभर भोकातून काळोखच आत आला. व्हॅलेरीने दोनदा उडी मारली, दोनदा दांडी पडली आणि माझे दोन्ही फोटो वाया गेले.

शेवटची उडी उरली. तेवढ्यात लिओनार्डने मानेवरून हात फिरवला.

"सबीना, मान तापत न्हाय माजी. ऊन हाय का?"

"ऊन कुठलं? सावलीत उभे आहोत ना आपण."

बोटांनी कडं चाचपत, टकटक मोजत त्याने माझं तोंड उघडलं. सैल स्प्रिंगमुळे माझं शटर मंद मिटतं, त्याची मला धास्ती होती. पण त्याला ठाऊक होतं, वर गेलेला माणूस खाली यायच्या आधी किंचित थांबतो. तिथे म्हातारं शटरही पुरतं. तो कान देऊन राहिला. व्हॅलेरीची पावलं धावत आली, शेवटचं जड पडलं, आणि त्याने कळ दाबली.

कळ दाबली की माझ्या आतला आरसा वर उडतो आणि पाहणाऱ्यापुढे अंधार होतो. त्या क्षणी चांगल्या डोळ्यांचा माणूसही आंधळाच असतो. त्या दिवशी लिओनार्ड कोणाहून कमी नव्हता.

फोटो धुऊन आला. खिडकीशी बसून तो नाकाला लावून लिओनार्डने कितीतरी वेळ पाहिला. व्हॅलेरी दांडीच्या वर आडवी होती, डोळे मिटलेले, पाय जरासे हललेले.

सबीना हळूच म्हणाली, "पप्पा, दांडी नंतर पडली. टाच लागली तिची."

"माज्या फोटोत हाय जागेवर," लिओनार्ड म्हणाला.

मित्रांनो, मला फार काही नको. घरातलं जुनं यंत्र असो की जुनं माणूस, त्याला कपाटात कुलूपबंद करू नका. अधूनमधून माझी कळ दाबत जा, रोल नसला तरी चालेल. आणि लिओनार्डने काही विचारलं, तर तो काय विचारतोय ते नीट ऐकून उत्तर द्या.