घरी लिहिलेलं रजिस्टर

अकोल्याच्या त्या कचेरीत केयूर वकील बँकेच्या बाजूला बसलेले पाहून नसीमबानोच्या पायाखालची जमीन सरकली. दोनच महिन्यांपूर्वी याच माणसापुढे तिनं कामगारांची सगळी बाजू उघडी केली होती!

नांदगाव पेठची कापड गिरणी बुडाली होती. ती विकून जे येईल त्यात कोणाचा किती हक्क, ते ठरवायला इशिता मॅडम नेमलेल्या. बेचाळीस कामगारांचा थकलेला पगार एकाच पुराव्यावर उभा होता, तो म्हणजे गिरणीत हजेरी लिहिणाऱ्या नसीमबानोच्या हातचं रजिस्टर. ते खोटं ठरलं की गिरणीला कर्ज दिलेल्या बँकेला रान मोकळं.

केयूर वकील उठले. "हे रजिस्टर गिरणीत लिहिलं, की तुमच्या घरी?"

मूळ रजिस्टर गिरणीच्या गळक्या छताखाली भिजून गेलं, तेव्हा तिनं ते पानापानानं घरी नव्या रजिस्टरात उतरवलं आणि जुना लगदा फेकून दिला. एकही हजेरी खोटी नव्हती. हे तिनं फक्त केयूर वकिलांना सांगितलं होतं. तेव्हा "बोलू नका कोणाला, ताई," म्हणणारा हाच शहाणा!

"मॅडम, हे वकील आमचे व्हते," ती म्हणाली. "मी यायलेच सारं सांगतलं. आता हे तिकून कसे बोलून राहिले?"

"मी यांचा वकील कधीच नव्हतो. ओळखीच्या म्हणून एकदा घरी आल्या होत्या," केयूर वकील म्हणाले.

"वकीलपत्र आहे? फीची पावती?" मॅडमनी विचारलं.

कुठून असणार? केयूर म्हणजे सरोजिनीबाईंचा मुलगा, आणि बाईंनी तिला शाळेत शिकवलेलं. बाईंच्या घरात बसून कागद मागायचा, हे तिच्या जिवावर आलं होतं. भलेपणाच नडला, दुसरं काय!

"मग तुम्ही त्यांना विश्वासानं काय सांगितलं होतं, तेवढं सांगा," मॅडम म्हणाल्या. "पटलं तर आत्ता त्यांना थांबवते."

केयूर वकील मजेत मागे टेकले. वकील हटवायचा तर रजिस्टराची गोष्ट तिनंच आपल्या तोंडानं सांगायची होती. गप्प राहिली, तरी रजिस्टर कुठं लिहिलं हा प्रश्न तिच्यापुढे तसाच उभा.

"बोल न बाई, काहून थांबली?" मागे बसलेला, गिरणीत मागावर काम करणारा नबी कळवळून म्हणाला.

तिला रडू फुटलं. "ते रजिस्टर मी घरी लिवलं, मॅडम. जुनं भिजलं म्हणून उतरवलं. पण त्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाये."

"जुनं कुठंय?"

"फेकून देलं."

मॅडमनी केयूर वकिलांना बाहेर जायला सांगितलं. ते वाद न घालता उठले, फाईल आवरली आणि जाता जाता तिला नमस्कार केला. त्यांचं काम झालं होतं.