पहिली फळी

"सहा माणसं लागतील," ॲल्विन म्हणाला. "चर्चच्या दारापासून खड्ड्यापर्यंत चाकांची गाडी चालणार नाही. खाली खडी, वर बर्फ. हातानंच न्यावं लागेल."

मी पर्समधून बाबांचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. ॲल्विननं चष्मा चढवला, कागद वाचला आणि त्या सकाळी पहिल्यांदा हसला. त्याच्या घराण्यात तीन पिढ्या दफनाचंच काम. हसण्याची त्यांना सवय नाही.

"हा तर तक्ता आहे. गुरुवारचा."

होता खरा. माझे वडील वॉरन हाल्वर्सन अठरा वर्षं आमच्या गावच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच होते. त्या अठरा वर्षांत दर गुरुवारी दुपारी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर असा एक कागद लागायचा. शनिवारी कोण कुठे उभा राहणार, पहिल्या फळीत कोण, दुसऱ्या फळीत कोण. मुलं त्यावर बोट ठेवून आपलं नाव शोधायची, आणि ज्यांना सापडायचं नाही ती काही न बोलता निघून जायची. तेच चौकोन, तीच तिरपी पेन्सिल. या खेपेला त्यांच्या स्वतःच्या शवपेटीसाठी, ती कोण उचलणार ते. डावा टॅकल, डावा गार्ड, सेंटर, उजवा गार्ड, उजवा टॅकल, टाइट एंड. समोरच्या संघाला अंगानं रेटून धरणारे, ज्यांची नावं सोमवारच्या पेपरात क्वचितच येतात ते सहा. दुसऱ्या फळीचे चौकोन कोरे होते. कोपऱ्यात तारीख होती, मार्च १९८४.

"चौऱ्याऐंशी," कागद परत देत ॲल्विन म्हणाला. "त्यानंतर बरंच काही झालं, सिग्नी."

"मला माहीत आहे."

"यातले किती येतील असं वाटतं तुला?"

"विचारल्यावर कळेल."

झालं होतं ते असं. एकोणऐंशी साली बाबा कोचपद सोडून कॉलेजचे क्रीडाप्रमुख झाले आणि शहाऐंशी साली त्यांनी फुटबॉल बंद केला. आपला स्वतःचा खेळ. तीन अजिंक्यपदांच्या ढाली ज्या व्यायामशाळेत टांगलेल्या होत्या तिथंच सभा झाली. चारशे माणसं होती. मी मिनिआपोलिसहून मुद्दाम आले होते. बाबा माइकपुढे उभे राहिले.

"या वर्षी अठ्ठावीस मुलं आली," ते म्हणाले. "अठ्ठावीस मुलांत फुटबॉल खेळवायचा म्हणजे दुखापत झालेल्यांना खेळवायचं. ते मी करणार नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "आधी करत होतास."

बाबांनी त्या दिशेला पाहिलं आणि मान डोलावली. मग खाली बसले. त्या विषयावर त्यांनी त्याआधी किंवा त्यानंतर कधी कुणाला काही सांगितलं असेल तर ते मला ठाऊक नाही, आणि नसलेलं मी रचणार नाही.

दुसऱ्या दिवशी मेन स्ट्रीटवरच्या कॅफेत त्यांचा मग खुंटीवर नव्हता. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मग तिथं भिंतीवर टांगलेले असतात. त्यांचा कागदी पिशवीत घालून गल्ल्यावर ठेवला होता. पिशवी उचलून ते घरी आले, आणि पुढची बारा वर्षं कॉफी घरीच प्यायले.

कागदावरच्या नावांना मी दोन दिवस फोन केले. एक ॲरिझोनात होता. एकाची पाठ गेली होती. दोघं "बघतो" म्हणाले; आमच्याकडे "बघतो" म्हणजे नाही. उजवा टॅकल मर्ल ट्वेट धान्याचं कोठार चालवतो. त्याला फोन केला नाही, त्याच्याकडे गेले. चौऱ्याहत्तर सालचा तो कप्तान, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. दहावीत असताना मी त्याच्यासाठी बसच्या थांब्यावर उगाच उभी राहायची, ही गोष्ट दोघांनाही माहीत होती आणि दोघांनीही कधी काढली नव्हती.

"मी दफनाला येईन," तो म्हणाला. वजनकाट्यावर एक ट्रक उभा होता, त्याच्याकडेच बघत होता. "मागच्या बाकावर बसेन. नंतर चर्चच्या तळघरात जाऊन हॅमचं सँडविच खाईन. पण उचलणार नाही."

"का?"

"तुला ठाऊक आहे."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

त्यानं ट्रकला पुढे जायची खूण केली. "मी मोडलेल्या बोटांनी खेळलो. माझा बाप मंगळवारी वारला, मी शनिवारी खेळलो. का? कोच म्हणाले, उठायचं. मग उठत राहिलो. माझी बायको ग्लेंडा गेली तेव्हाही दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला इथं होतो. तुझ्या बापानं मला एकच गोष्ट शिकवली, सोडायचं नाही. माझा पोरगा दहा वर्षांचा होता, मोठा होऊन त्याच मैदानावर उतरायचा होता, तर यांनीच मैदानाला कुलूप लावलं. मग आम्ही काय होतो, सिग्नी? चूक होतो?"

"लॉयल काय होता?"

"त्याचं नाव काढू नकोस."

"मी नाही काढलं. त्यांनी काढलंय." मी कागद दाखवला.

त्यानं तो हातात घेतला नाही. लांबूनच वाचला. आपलं नाव वाचताना त्याचा जबडा हलला. मग म्हणाला, "बायांच्या संघांसाठी केलं ते सगळं. आमचं मैदान त्यांना दिलं."

"मर्ल, त्यांना फक्त आंघोळीची खोली मिळाली."

"तेच ते."

"मी विनवणी करायला आले नव्हते," मी म्हटलं. "विचारायला आले होते. विचारून झालं."

लॉयल हेगडालचं नाव डाव्या गार्डच्या चौकोनात होतं. सत्याहत्तरच्या ऑक्टोबरात दुसऱ्या सत्रात त्याच्या डोक्याला मार बसला. बाकावर बसून तो विचारत होता, आपण कुठल्या गावात आहोत? मुलं हसली. मी कठड्याला टेकून उभी होते, बावीस वर्षांची, मीही हसले. बाबांनी त्याच्यापुढे तीन बोटं धरली. किती? तीन, लॉयल म्हणाला. बाबांनी त्याचं हेल्मेट त्याच्या हातात दिलं आणि पाठीवर थाप मारली. शेवटच्या सत्रात तो पडला. अकरा दिवस शुद्धीवर आला नाही. आता तो चाळिशी ओलांडलेला आहे, आईजवळ राहतो, किराणा दुकानाच्या आवारातल्या ढकलगाड्या गोळा करतो. उजव्या हाताची मूठ उघडत नाही.

त्याच्या आईनं, इर्मानं, मला स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी विचारली नाही. आमच्या गावात हे फार मोठं बोलणं झालं.

"तेव्हा काय पाठवलं होतं त्यांनी, माहीत आहे?" ती म्हणाली. "बॉल. सगळ्यांच्या सह्यांचा. कुत्र्याला दिला मी. चार दिवस पुरला."

"बरं केलंत, मिसेस हेगडाल."

"बरंच केलं." तिनं ओटा पुसला; तो आधीच स्वच्छ होता. "दर नाताळच्या आदल्या दिवशी त्यांची गाडी आमच्या दारापुढे थांबायची. इंजिन चालू. मग निघून जायची. वीस वर्षं. उतरले असते तर मी हाकलून दिलं असतं. पण उतरायला हवं होतं."

मला हे माहीत नव्हतं. नाताळच्या आदल्या दिवशी ते गाडीत पेट्रोल भरायला जातात एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

"कुठल्या जागेवर घातलंय त्याला?" तिनं विचारलं.

"डावा गार्ड."

फडकं थांबलं. "लॉयल सेंटर होता. तीन वर्षं सेंटर. गार्डला त्या एकाच दिवशी उभं केलं होतं, नेहमीचा मुलगा तापानं पडला म्हणून." ती खिडकीकडे वळली. "म्हणजे त्यांच्या लेखी तो कायम त्याच दिवशी उभा होता."

मी कागदावरचा तो चौकोन पुन्हा पाहिला.

"तरी नाही," ती म्हणाली. "माझा मुलगा त्यांना उचलणार नाही. त्या दिवशी त्यांनी त्याला उचलून बाहेर आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

"बरोबर आहे तुमचं."

"मला माहीत आहे बरोबर आहे ते. तू कशाला सांगतेस?"

निघताना लॉयलनं टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "कोच कसे आहेत?" इर्मानं माझ्याकडे पाहून 'सांगू नकोस' अशी मान हलवली. "ठीक आहेत," मी म्हटलं, आणि गाडीत बसून बराच वेळ किल्ली हातात धरून राहिले.

संध्याकाळी ॲल्विनचा फोन आला. "माझ्याकडे दोन माणसं आहेत. पास्टर आणखी चौघं शोधून देतील. त्यात कमीपणा नाही, सिग्नी. पुष्कळांचं तसंच होतं."

"बाबांचं होणार नाही," मी म्हटलं.

मग मी बॉनी कोलारला फोन लावला. बॉनी सत्याऐंशीच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची कप्तान. आता टपाल वाटते, नव्वद मैलांचा फेरा, वादळातसुद्धा. आमची ओळख बेताचीच.

"त्या यादीत आमची नावं आहेत का?" तिनं आधी विचारलं.

"नाहीत."

"दुसऱ्या फळीत?"

"ती कोरी आहे."

"वाटलंच मला." ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "हे बघ, मला तुझ्या वडिलांबद्दल गोड काही बोलता येणार नाही. पहिली दोन वर्षं त्यांनी आम्हाला पहाटे साडेपाचला सरावाला बोलावलं, कारण बाकी वेळ व्यायामशाळा मुलांची. शर्ट मुलांचे जुने, काखेत उसवलेले. चार वर्षांत मला एकदाही बॉनी म्हणाले नाहीत. 'कोलार, खाली वाक. कोलार, झोपलीस का.'"

"मलासुद्धा मैदानावर त्यांना कोच म्हणावं लागायचं."

"आणि फुटबॉल गेल्यावर आमच्या संघाची गाडी स्वतः चालवायला लागले. सामन्यांना पार ॲबरडीनपर्यंत, एक शब्द न बोलता. सोमवारी प्रत्येकीच्या हातात कागद. प्रत्येक चालीपुढे खूण, अधिक किंवा उणे. एका सोमवारी मला सव्वीस उणे होते. त्याआधी कुणी आम्हाला उणेसुद्धा दिलं नव्हतं. आमचे सामने बघायला कोण होतं? ते भिंतीला टेकून लिहीत बसायचे."

"बॉनी, न येण्याचा तुला पूर्ण हक्क आहे."

"मला हक्कबिक्क सांगू नकोस. त्यांना आम्ही उचललेलं आवडलं असतं का?"

मी विचार केला. "नसतं आवडलं."

"मग येते," ती म्हणाली. "आणखी चौघींना आणते. सहावी तू."

मी ॲल्विनला फोन करून सांगितलं. "बायका," तो म्हणाला. "पेटी ओकच्या लाकडाची आहे, जड."

"मला ठाऊक आहे. मीच निवडली."

शनिवारी चर्च भरलं. आमच्याकडे माणसं जिवंतपणी बोलणं टाकतात, दफन टाकत नाहीत. मागच्या दोन बाकांवर चौऱ्याहत्तरचा संघ बसला होता, पोटं सुटलेला, टायांच्या गाठी आवळलेला. हेगडाल कुणी आलं नाही. पास्टरांनी बाबांना तरुणांना घडवणारा असं म्हटलं. मी पुढच्या बाकावरून उठले आणि माझी पाळी नसताना बोलले: "त्यांनी एका तरुणाला मोडलंही. त्याचं नाव लॉयल हेगडाल. नंतर त्यांनी खेळ बंद केला, आणि तेही या गावानं त्यांना माफ केलं नाही. दोन्ही गोष्टी सांगा. एकच सांगायची असेल तर कुठलीच सांगू नका." मग बसले. ऑर्गन वाजवणारी बाई दोन ओळी आधीच सुरू झाली.

बॉनी आणि तिच्या चौघी मधल्या वाटेनं पुढे आल्या. काळे कोट, बर्फातले बूट. कुणी कुजबुजलं. बॉनीनं पेटीच्या कड्या बघून आम्हाला उंचीप्रमाणे लावलं, मला डाव्या बाजूला मधे. "पाठीनं नाही, पायानं उचला," ती म्हणाली. "माझ्या आकड्यावर."

उचलली. वजन खांद्यापर्यंत चढलं, आणि मला पहिल्यांदा नीट कळलं की ते गेले.

दाराबाहेर सहा पायऱ्या, पुढे शंभरेक पावलांची उतरती खडी, त्यावर कालच्या पावसाचा गोठलेला पापुद्रा. तिसऱ्या पायरीवर माझ्या पुढचीचा बूट सरकला आणि पेटी एका बाजूला कलली. मागून बाकं करकरली. मर्ल ट्वेट दाराबाहेर धावत आला, त्याच्यामागे आणखी दोघं.

"थांबा. पडाल," तो म्हणाला. "द्या इकडे. आम्ही नेतो."

"जागा भरल्यात," बॉनी म्हणाली. तिनं मानही वळवली नाही. "सरळ करा. दोन. तीन."

"सिग्नी." मर्लचा चेहरा लाल झाला होता. त्यानं माझ्या कडीकडे हात नेला. "ते आमचे कोच आहेत गं."

"तुला विचारलं होतं," मी म्हटलं.

त्याचे दोघं सोबती दारापाशीच थांबले. आम्ही खडीवर उतरलो. बॉनी आकडे मोजत होती, हळू आवाजात, आणि आम्ही सहाजणी तिच्या आकड्यावर पाय टाकत होतो. मर्ल परत आत गेला नाही. तो माझ्या बाजूनं, कडेच्या काचेसारख्या बर्फावरून, स्वतः घसरत सावरत चालत राहिला. त्यानं हातमोजा काढला होता. उघडा तळहात पेटीच्या खाली धरला होता, लाकडापासून चार बोटं खाली. खड्डा येईपर्यंत त्यानं पेटीला हात लावला नाही, आणि हात काढूनही घेतला नाही.