उलट्या आट्यांचं रीळ

पहिलं रीळ फुटलं तेव्हा थोरली मागच्या खोलीत वडिलांचे कपडे पिशवीत भरत होती. दुसरं फुटलं तेव्हा हातातला सदरा तसाच टाकून ती दुकानात आली. धाकट्याने डाव्या भिंतीवरच्या वरच्या फळीवरचा अख्खा माल काउंटरवर ओढून घेतला होता आणि हातोडीने तो एकेक रीळ चेचत होता. शिव्या नाहीत, रडणं नाही. एखादं नेमून दिलेलं काम उरकावं तसा तो चेचत होता, आणि तिला भीती वाटली ती त्याचीच.

"ताई, तू आत जा."

"अरे, दुकान आहे हे."

"दुकान? फाशी द्यायची दोरी विकत होतो आपण इथे."

दुकान गळांचं होतं. गळ, दोरी, काठ्या, रिळं. डाव्या भिंतीला देशी माल, उजवीकडे जपानी. वडील दोन्ही सारख्याच हाताने विकायचे. स्वतः मासे धरायला जाताना मात्र देशी रीळ घ्यायचे. धाकटा जहाजावर नोकरीला. मागच्या खेपेला त्याने परदेशी बंदरातून भारीतलं जपानी रीळ आणून त्यांच्या हातात ठेवलं होतं. वडिलांनी ते उलटसुलट करून पाहिलं, हसले आणि खोक्यासकट उजवीकडच्या फळीवर ठेवून दिलं. खोकं अजून तिथेच होतं.

ते गेले ते धक्क्याच्या टोकाला. काठी कमरेच्या पट्ट्याला अडकवायची त्यांची जुनी सवय. गळाला काहीतरी प्रचंड लागलं, दोरी सुटेना आणि माशाने त्यांना खडकांवरून फरफटत नेलं. बर्फाच्या कारखान्यातल्या हमालाने लांबून पाहिलं होतं. पहिल्या खडकावर गुडघे फुटले, दुसऱ्यावर कपाळ. "हात सारखा रिळाच्या ब्रेकच्या चकतीवर होता त्यांचा," तो म्हणाला होता, "जीव खाऊन फिरवत होते. पण ब्रेक सैलच होईना." दुसऱ्या दिवशी प्रेत मिळालं. पट्ट्याची कडी तुटलेली होती, काठी आणि रीळ समुद्रात.

तेवढ्यावरून धाकट्याचा हिशेब झाला होता. देशी रिळाचा ब्रेक अडकला, बाप मेला. आणि गावच्या रिळांच्या कारखान्यात ते ब्रेक बसवायचं काम आयुष्यभर केलं कुणी? काकांनी.

काका आले तेच नेमके आत्ता. काखेत गोणपाटाचं लांबोडकं गाठोडं. दारातच थबकले, फुटलेल्या रिळांकडे पाहिलं, मग गाठोडं भिंतीला टेकवून ठेवलं आणि पुढे होऊन काउंटरवर उरलेल्या शेवटच्या रिळावर पंजा ठेवला.

"हे राहू दे, पोरा. हे दादाने स्वतः ऑइल करून ठेवलंय."

हातोडी वर गेलेली होती. ती थांबवता आली असती. थोरलीने पाहिलं, धाकट्याने काकांचा हात पाहिला होता. हातोडी खाली आली.

काकांच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. दोन बोटं चपटी झाली, नखाच्या जागी रक्त आलं. ते हात पोटाशी धरून खाली बसले तसा धाकटा काउंटरला वळसा घालून आला आणि त्यांच्या बरगडीत लाथ घातली.

"काका म्हणायचो तुला! किती जणांना असं मारलंस रे? एकेक चकती बसवताना हात कसा नाही झडला तुझा?"

"मार," काका म्हणाले. "मार बाबा. पण मग थांब."

थोरलीने मागून त्याची मान धरली. त्याने कोपर मारलं, ते तिच्या दातांवर बसलं. तोंडात रक्ताची खारट चव आली. ती मागे धडपडली ती भिंतीवर, आणि टेकवलेलं गाठोडं घसरून जमिनीवर उलगडलं.

आत वडिलांची काठी होती. शेवाळ लागलेली, टोकाला तुटलेली. आणि काठीला रीळ. काळं, चकचकीत, मुठीवर धाकट्याने हौसेने गुंडाळलेली लाल दोरी तशीच्या तशी.

"पोरी, झाक ते," काका पुटपुटले. ओठातून लाळ आणि रक्त एकत्र गळत होतं. "सकाळी ट्रॉलरच्या जाळ्यात आलं. तुला एकटीला दाखवायला आणलं होतं. त्याला नको."

तिने गोणपाट ओढून घेतलं. मग फळीवरचं जपानी रिळाचं खोकं खाली काढून उघडलं. आत वडिलांचं देशी रीळ फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं, नवं रीळ ठेवावं तसं.

आता तिला सगळं कळलं, कारण ती याच दुकानात वाढली होती. गावच्या कारखान्याच्या पहिल्या साच्यात चकतीचे आटे उलटे पडले होते. दुरुस्त करेपर्यंत सगळ्यांच्या हाताला तेच वळण लागलं, आणि मग ते तसेच ठेवले गेले. देशी चकती ज्या बाजूला फिरवल्यावर ब्रेक सैल होतो, त्याच बाजूला जपानीचा आवळतो. म्हणूनच वडील गिऱ्हाइकाची परीक्षा घेतल्याशिवाय रीळ विकत नसत. गिऱ्हाइकाने डोळे मिटून रीळ धरायचं, वडील दोरी ओढत दाराकडे जाणार, आणि मध्येच ओरडणार, "सोड!" ज्याचा हात चुकीकडे वळला त्याला ते सांगायचे, "गेलात साहेब. मासा मजेत आहे. घरी काय निरोप द्यायचा?" अख्खं दुकान हसायचं.

धाकट्याने भिंतीवरचा आकडा उपसला होता. मोठा मासा ओढून घ्यायचा, दांड्याचा, टोकदार आकडा. काका मान खाली घालून बसले होते. हात वर करून डोकंसुद्धा झाकत नव्हते. ते काही सांगणार नाहीत, हे तिला दिसलं. मरतील, पण भाच्यांना, पुतण्यांना कधी रागावून बोलले नाहीत तसे आताही बोलणार नाहीत. मग बोलायचं ते तिनेच. नाही बोललं तर काका जाणार. बोललं तर या पोराचं पुढे काय होणार, हेही तिला दिसत होतं.

"हे बघ," ती म्हणाली आणि काठी त्याच्यापुढे धरली.

त्याने लाल दोरी ओळखली. आकडा हवेतच राहिला.

"हे... हे नेलं होतं त्यांनी?"

"हो."

"मग हे कसं अडकेल? असलं रीळ अडकत नाही, ताई. जपानी आहे."

"अडकलं नाही ते. डोळे मीट."

"काय?"

"डोळे मीट म्हणते ना!"

बापाच्या दुकानातला तो हुकूम होता. त्याने आकडा टाकला, काठी घेतली आणि डोळे मिटले. तिने दोरीचं तुटकं टोक मनगटाला गुंडाळलं आणि दाराकडे चालू लागली. दोरी ताणली गेली. तोंडातलं रक्त गिळून तिने सगळा भार टाकला. त्याला लागावं असं तिला त्या क्षणी वाटत होतं, आणि ते तिने स्वतःपासून लपवलं नाही.

"सोड!"

त्याचा हात चकतीवर गेला. लहानपणी वडिलांनी शिकवलेल्या बाजूला झटकन फिरला. दोरी तिच्या मनगटात रुतली. "सोड!" त्याने आणखी फिरवली. काठी वाकली, तो एक पाऊल ओढला गेला, मग दुसरं. "सोड ना रे!" तो जीव खाऊन फिरवत होता, आणि प्रत्येक फेऱ्याला दोरी आवळत होती. त्याचा गुडघा काउंटरच्या कोपऱ्यावर आदळला. त्याने डोळे उघडले.

चकतीवरचा आपला हात उचलून त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"पण त्यांना माहीत होतं," तो म्हणाला. "सगळ्या जगाची परीक्षा घ्यायचे. स्वतःची का नाही घेतली?"

थोरली मनगटाची दोरी सोडवत होती. काका जमिनीकडे पाहत होते.

"मी दिलं होतं म्हणून," धाकटा म्हणाला. "मी दिलेलं ते कशाला तपासतील."

तो दोन्ही मुठींनी स्वतःच्या तोंडावर मारायला लागला. नाकातून रक्त आलं तरी थांबेना. काका कसेबसे उठले. धड असलेल्या हाताने त्यांनी त्याची एक मूठ पकडली, दुसरी पकडायला हातच नव्हता, म्हणून चेचलेल्या हाताच्या कोपराने त्यालाच आपल्या छातीशी दाबून धरलं. त्याची मोकळी मूठ काकांच्या मोडक्या बरगड्यांवर आपटत राहिली. काका कण्हत होते, पण सोडत नव्हते.

"ताईला सांग पाणी आणायला," ते त्याच्या कानाशी म्हणाले. "सांग ना. तुझं ऐकते ती."

ती पाणी आणायला गेली नाही. दार लावून घेतलं, खाली बसली आणि काठीवरच्या चकतीला हात घातला. तीही हमखास चुकीच्या बाजूला फिरवायला लागली होती. थांबली. मग दुसऱ्या बाजूला, सावकाश, हाताच्या मनाविरुद्ध फिरवत राहिली, दोरी मोकळी होईपर्यंत.