फडक्याखालचा अंगठा

त्या रविवारी निम्मी इमारत आमच्या पार्किंगमध्ये गोळा झाली होती आणि सगळे आमच्या गाडीची काच बघत होते.

महाराज ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दारावर काळं फडकं पसरलं आणि डोळे मिटून बराच वेळ पुटपुटले. "आता दाबा."

मागच्या सीटवरून शेजारच्या काकूंनी आपल्या दाराचं बटण दाबलं. पंधरा दिवस अडकलेली काच सुर्रकन खाली गेली. काकूंनी हातच जोडले.

"बाईच्या हाती स्टिअरिंग गेलं की गाडीचा श्वास कोंडतो," महाराज म्हणाले. "मी उतरलो की परत कोंडेल."

फडकं आवरून ते उतरले. श्वास आज्ञाधारकपणे कोंडला. काकूंनी कितीही बटण दाबलं तरी काच वर येईना.

माझी आई रुग्णांच्या घरी जाऊन त्यांना व्यायाम शिकवते. दोन बस बदलण्यात तिचा अर्धा दिवस जातो, म्हणून ती गाडी शिकली. सोमवारपासून गाडीनेच जाणार होती. पण महाराजांना घेऊन आलेल्या माझ्या काकाने तिच्या हातातून किल्ली काढूनही घेतली.

"वहिनी, गाडी माझ्याकडेच राहू द्या. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

बाबा स्वतःच्या बुटाच्या नाड्या निरखत होते. माझं डोकंच फिरलं.

"महाराज, ड्रायव्हरच्या दाराची काच तर एकदाही अडकली नाही. तिला वेगळं नाक आहे का?"

"पोरी, श्रद्धेत प्रश्न नसतात."

"म्हणजे उत्तर येत नाही."

"गप्प बस," काका खेकसला. "त्यांनी वीस वर्षं टॅक्सी चालवलीय. त्यांना गाडीतलं कळतं."

वा काका. एवढंच हवं होतं.

डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचं माहितीपुस्तक होतं, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यात ड्रायव्हरच्या दाराचं चित्र सापडलं: काचांची चार बटणं आणि शेजारी एक छोटं पाचवं. किल्ली नुसती जवळ असली की चालणारी आमची गाडी अजून चालूच होती. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ते दाबलं.

"काकू, दाबा." काच वर.

पुन्हा दाबलं. "आता?" काच ढिम्म.

"मंत्र म्हटला नाही. अजून आंघोळसुद्धा केली नाहीये मी."

कोणीतरी फिसकन हसलं. महाराज फडक्याची घडी घालू लागले, फारच नीट.

मागे बसलेल्या मुलांनी काचांशी खेळू नये म्हणून ते बटण असतं. ते दाबलं की बाकी तिन्ही दारांवरची बटणं बंद पडतात, पुन्हा दाबलं की सुरू होतात. आई सीट पुढे ओढून बसते आणि तिची पर्स दाराला टेकते. पहिल्यांदा ते पर्सनेच दाबलं गेलं असणार. पुढचं सगळं महाराजांच्या अंगठ्याने केलं, फडक्याखालून: आधी काचा सुरू, उतरताना बंद.

आईने हात पुढे केला. "भाऊजी, किल्ली."

काकाने बाबांकडे पाहिलं. बाबा या वेळी नाड्या सोडून वर बघत होते. "दे तिला," ते म्हणाले.

वाचणाऱ्यांनो, कोणी डोळे मिटून चमत्कार करू लागला तर आपले उघडे ठेवा. त्याच्या तोंडाकडे नको, हाताकडे बघा. प्रश्न विचारा, पुस्तक उघडा. आणि काही बिघडलं की आधी बटण शोधा, बाई नको.